सातव्या पानावरची मावशी

आमच्या वाचनालयासमोर, रस्ता ओलांडला की एकाच दारात दोन धंदे होते. डावीकडे नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, उजवीकडे बायको टाइप करायची. मधे पडदा नाही, फळी नाही, नुसतं एक पोटऱ्यांपर्यंत येणारं कपाट. आत शिरणारा माणूस आधी टिकटिक ऐकतो की टकटक, त्यावरून तो कुठल्या कानाने बहिरा आहे ते मला माझ्या खिडकीतून कळायचं. वाचनालयातलं माझं टेबल त्या खिडकीशी होतं, हा काही माझा दोष नाही. टेबल समितीने तिथे ठेवलं. मी फक्त ते पुढे कधी हलवू दिलं नाही.

टाइप करणाऱ्या बाईंचं नाव गल्लीने ठेवलं होतं तंतोतंतबाई. टाइप केलेला कागद गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्या दोनच गोष्टी बोलायच्या : "लिहिलंय तसं. तंतोतंत." ही हमीही होती आणि तंबीही. एका गृहस्थाने रजेच्या अर्जात घाईघाईत 'सासूबाई आजारी' ऐवजी 'सासूबाई आभारी' लिहिलं. बाईंनी तसंच टाइप केलं. 'सासूबाई आभारी असल्याकारणाने तीन दिवस रजा मिळावी.' साहेबांनी शेरा मारला, 'दुर्मीळ प्रसंग. रजा मंजूर.' तो गृहस्थ तरीही भांडायला आला. बाईंनी त्याच्याच अक्षरातला कागद काढून पुढे ठेवला.

"अहो, पण वाचणाऱ्याला कळायला नको का?"

"तुमच्या सासूबाई आजारी आहेत की आभारी, ते मी कसं ठरवू? मी त्यांना भेटलेली नाही."

बाईंचा दुसरा नियम याहून कडक. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही, सांगायचा नाही, त्याची नुसती हूलही द्यायची नाही. एका घराच्या वाटणीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांवर फिर्यादी करत होते. दोघांचे कागद बाईच टाइप करायच्या. एक उठून गेला की दुसरा त्याच स्टुलावर बसायचा. स्टूल गार होत नव्हतं, पण तोंडातून शब्द बाहेर येत नव्हता. गल्लीत कोणाचं पोट दुखलं तरी मी कारणासकट सांगणारा माणूस. तरी मला एकोणीस वर्षांत बाईंकडून एवढंसुद्धा कळलं नाही की धाकट्याचं वळण थोरल्यापेक्षा चांगलं आहे की वाईट.

तर या बाईंकडे दोन लेखक यायचे. दोघेही एकाच जातीच्या गोष्टी लिहायचे : पुढे कधीतरी जगाचं काय होणार, माणसं कशी कोंडली जाणार, यंत्रं कशी डोक्यावर बसणार. मासिकाचे संपादक त्याला 'डिस्टोपियन विज्ञानकथा' म्हणायचे. बाईंचे घड्याळजी त्याला 'वाटोळ्याच्या गोष्टी' म्हणायचे आणि गल्लीने अर्थातच घड्याळजींचा शब्द उचलला.

पहिले लेखक म्हणजे मास्तर. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या गोष्टीत माणसांना नावं नसत, आकडे असत. सरकार कधी दिसत नसे, नुसत्या त्याच्या सूचना भिंतीवर लागत. 'सकाळ झाली. भोंगा वाजला. ३१२ उठला. त्याने आरशात पाहिले नाही. आरशाला परवानगी नव्हती.' एक वाक्य म्हणजे एक पायरी, आणि जिना खाली तळघरात जाणारा.

दुसरे म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना वाचनालयाच्या मागच्या अंगाला. यांचं वाक्य सकाळी घराबाहेर पडलं की दिवेलागणीला परत यायचं, तेही वाटेत चार ठिकाणी चहा घेऊन. 'सकाळी, मावशी गेल्यापासून घरात उरलेल्या त्या दुधाच्या वासाबरोबर, जो सरकारने, त्याला तिच्या आठवणीने रडू येऊ नये म्हणून, मोठ्या मायेने दर पहाटे नळीतून सोडायला सुरुवात केली होती, तो जागा झाला, आणि…' हे 'आणि' पुढच्या पानावर संपायचं. यांच्या गोष्टीतलं सरकार ओरडत नसे. ते डॉक्टरांसारखंच गोड बोले : थोडंसंच दुखेल हं.

दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. का नव्हतं याच्या तीन कहाण्या मला ठाऊक आहेत आणि तिन्ही मीच सांगत असतो, तेव्हा त्या सोडा. मास्तर म्हणायचे, "तो लिहीत नाही, गुळण्या करतो." डॉक्टर म्हणायचे, "मास्तरांच्या गोष्टी वाचल्या की मला फळा पुसावासा वाटतो."

एकदा मी बाईंना डिवचलं. म्हटलं, "बाई, कोणाचं काय आहे ते सांगू नका. पण दोघांच्या लिहिण्यात फरक काय, एवढं तरी सांगा. छापून आलेल्या गोष्टींबद्दल बोलायला तर बंदी नाही ना?"

बाईंनी हातातली रिबीन गुंडाळून संपवली आणि म्हणाल्या, "मास्तरांच्या गोष्टीत दार बंद असतं. डॉक्टरांच्या गोष्टीत दार सताड उघडं असतं, आणि तरी कोणी बाहेर जात नाही."

संपादकांनी या विषयावर तीन लेख लिहिले होते. तिन्ही लेखांत मिळून एवढं नव्हतं.

आता मुख्य भानगड. मासिकात दर अंकाला एकच मोठी गोष्ट छापायची जागा असे. संपादकांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी दोघांनाही एकच विषय दिला : पोस्टातला कारकून आणि शेवटचं पत्र. जी सरस ती छापणार, दुसरी साभार परत. दोघा लेखकांनी आपापली गोष्ट घोटून घोटून शेवटच्या दिवसापर्यंत लांबवली आणि एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोघेही बाईंच्या दारात. टपाल चारला निघायचं.

"तपासायला थांबू का?" मास्तरांनी विचारलं.

"वेळ नाही राहणार. थेट लिफाफ्यात घालून टाकू का?"

"घाला. तुम्ही टाइप केलंय म्हणजे मी काय बघायचं?"

डॉक्टरांनीही तेच म्हटलं, फक्त त्याला दहा स्वल्पविराम लावून.

बाईंकडे कागद अडकवायचे चिमटे बेताचे होते. एका चिमट्यात सहाच पानं नीट बसत. सातवं घातलं की चिमटा उडून घड्याळजींच्या काचेवर जाई. त्यामुळे बाई पहिली सहा पानं एका चिमट्यात, उरलेली दुसऱ्या चिमट्यात असं लावायच्या. त्या दिवशी टेबलावर चार चळती झाल्या. कार्बनच्या नकला मात्र पान निघेल तशा खणात जात होत्या. साडेतीनला बाई हात धुवायला मागे गेल्या. परत आल्या, पानांचे आकडे ओळीने लागलेत का ते पाहिलं, एक ते शेवटपर्यंत बरोबर होते, लिफाफे बंद केले आणि टपालात दिले.

अंक आला आणि गल्लीत गहजब झाला. मास्तरांची गोष्ट छापून आली होती, आणि ती गोष्ट वाचून माणसं चूळ न भरता माझ्याकडे धावत येत होती. सहा पानं नेहमीचे मास्तर : ३१२ क्रमांकाचा कारकून, लोकांच्या पत्रांतले निषिद्ध शब्द खोडणारा, कोणाला कोणी नाही, सगळीकडे सूचना. शेवटी त्याच्याच नावाचं पत्र येतं. 'त्याने लिफाफा फोडला. आत' — आणि मग : 'काहीच नव्हतं, कारण त्यात जे लिहायचं ते सांगायला सरकारने मावशीलाच पाठवलं होतं, आणि ती दारात उभी राहून, ओले हात पुसत, काही खाल्लंस का रे, असं इतक्या मायेने विचारत होती, की…'

अहो, अंगावर काटा! सहा पानं भीती, आणि सातव्या पानावर माया, आणि ती माया भीतीपेक्षा भयंकर. मास्तरांना रस्त्यात थांबवून लोक हात मिळवू लागले. भाजी घेताना एका बाईंनी विचारलं, "ती मावशी खरी होती का हो?" मास्तर म्हणाले, "वाचकाने ठरवावे," आणि पिशवी घेऊन चालते झाले. तेव्हाच मला शंका आली होती. मास्तर आणि वाचकाला ठरवू देतील? वर्गात मुलांना उत्तराखाली रेघसुद्धा ठरवू दिली नव्हती त्यांनी.

डॉक्टरांना त्यांचा लिफाफा साभार परत आला. वर चिठ्ठी : 'पूर्वार्ध श्रेष्ठ. उत्तरार्धात लेखक दमला.' डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि लिफाफा न उघडता कपाटावर फेकला. मग अंक वाचायला घेतला. सातव्या पानावर स्वतःची मावशी भेटली.

एका पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून ते तसेच रस्ता ओलांडून आले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"ताई, थोडंसंच विचारतो, रागावू नका, कारण तुमच्यावर मी एवढी वर्षं, म्हणजे माझ्या बायकोवर ठेवला नाही इतका, विश्वास ठेवला, आणि म्हणूनच विचारतो, की माझी मावशी मास्तरांच्या घरी कशी गेली?"

बाईंनी अंक घेतला, पान पाहिलं. त्यांचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. मी तेव्हा खिडकीच्या काचा पुसत होतो, जरा आतून, जरा बाहेरून.

"माझ्या टेबलावरून एकाचा कागद दुसऱ्याकडे गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत नाही."

"मग एक तर मास्तर मनातलं वाचतात, किंवा, मला बोलवत नाही पण बोलतो, कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं. शनिवारी वाचनालयात संपादकांचं भाषण आहे. मी तिथे उभा राहून विचारणार आहे. चोर मास्तर की तुम्ही, एवढंच."

ते गेले. तो पेशंट तिकडे अजून आ करून बसला होता म्हणे.

बघा, दुसऱ्या कोणाला हे एवढं लागलं नसतं. पण या बाईंकडे दुसरं होतं काय? मशीन जुनं, खोली अर्धी. लोक गल्लीच्या टोकाचं मोठं टायपिंगचं दुकान सोडून त्यांच्या स्टुलावर बसत ते एका गोष्टीसाठी : इथून कागद फुटत नाही. शनिवारी भर सभेत डॉक्टर उठले की तो शब्द गेलाच.

बाईंनी दार लोटलं, खण उघडला आणि कार्बनच्या नकला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतः टाइप केलेलं वाचायला बसल्या. टाइप करताना त्या वाचत नसत. अक्षर डोळ्यांतून थेट बोटात उतरे, डोक्याला त्रास नाही. आता एकीकडे अंक, दुसरीकडे नकला. पुढचं मला घड्याळजींनी नंतर सांगितलं, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही, हातच तेवढे बारीक चालतात.

"मास्तरांची गोष्ट अकरा पानांची," बाई म्हणाल्या. "छापलेली मोजली तर आपल्या हिशेबाने बारा पानांची भरते. मास्तर आयुष्यात अकराच्या पुढे गेलेले नाहीत. सहापर्यंत मास्तर आहेत. सातपासून डॉक्टर आहेत." मग थांबल्या. "सहा आणि सात. चिमटा."

घड्याळजींनी डोळ्यावरची भिंगाची डबी काढली.

"अगं, त्या दिवशी तू हात धुवायला गेलीस ना…"

"हं?"

"माझा एक स्क्रू उडाला होता. लेडीज घड्याळाचा. मोहरीएवढापण नाही. मला वाटलं तुझ्या टेबलावर गेला. मी चळती उचलल्या, खाली पाहिलं, परत ठेवल्या."

"कशा ठेवल्यात?"

"होत्या तशाच."

"होत्या तशाच म्हणजे कशा?"

"म्हणजे… चार होत्या, चार ठेवल्या."

बाईंनी अंक मिटून बाजूला ठेवला.

"स्क्रू सापडला का तुम्हाला?"

"बाहीत होता."

बाईंना हसू आलं. एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पदर कमरेला खोचावा तसं सगळं आवरलं, नकला चिमट्याला लावल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी मी बोलते. डॉक्टरांच्या आधी."

"अगं, कशाला? ही गोष्ट तुला-मला सोडून कोणाला ठाऊक आहे? मास्तर तोंड उघडायचे नाहीत. संपादकांना कळायचं नाही. डॉक्टरांकडे पुरावा काय?"

"पुरावा नाही म्हणून तर ते मला चोर म्हणतील आणि मी नाही म्हणेन. मग गल्ली ठरवणार. मला गल्लीने ठरवलेलं नको. चूक झालीय ती माझ्या टेबलावर झालीय, ती चूक म्हणूनच बाहेर जाईल. चोरी म्हणून नाही."

शनिवारी दुपारी वाचनालय भरलं. खुर्च्या कमी पडल्या, लोक वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसले, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. भाषणाचा विषय : दोन लेखक, दोन शैली. पुढच्या रांगेत एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला डॉक्टर, मधे नऊ माणसं आणि त्या नऊ माणसांना कापरं भरलेलं.

संपादकांनी झकास सुरुवात केली. दोघांच्या शैलीची तुलना केली. मास्तरांची शैली म्हणजे हाड, डॉक्टरांची म्हणजे मांस, इथवर ठीक होतं. मग ते त्या गोष्टीवर आले. बरोबर आणलेली टाइप केलेली पानं हवेत हलवत म्हणाले, "पण या कथेत मास्तरांनी स्वतःलाच ओलांडलं! सहा पानं जगात कोणाला कोणी नाही. आणि सातव्या पानावर मावशी! नुसती मावशी नाही, भाषासुद्धा बदलते. आधी 'नव्हते', मग 'नव्हतं'. व्यवस्थेचा बुरखा गळून पडतो, व्याकरणासकट! हे जाणीवपूर्वक आहे. उलट डॉक्टरांनी पाठवलेली कथा बघा. सुरुवात सुंदर, आणि मग लेखकाचा दम तुटतो. वाक्यं तुटक. पात्रं कोरडी. प्रतिभेला मर्यादा असतात."

डॉक्टर उठायच्या बेतात होते. त्याआधी मागून आवाज आला.

"ती पानं जरा इकडे द्या."

तंतोतंतबाई दोन रांगांमधून पुढे आल्या. संपादकांनी पानं दिली. त्यांना वाटलं, बाई आपलं टायपिंग बघायला आल्या. बाईंनी सहावं पान काढलं आणि खिडकीवर, उन्हात, काचेला टेकवून धरलं.

"माझं मशीन जोरात बसतं. टिंब मारलं की कागदाला भोक पडतं. हे बघा मास्तरांचं पान. भोकं कुठे आहेत?"

लोक मान वाकडी करून बघायला लागले. पान चाळणीसारखं चमकत होतं. ओळीच्या पायाशी ठिपकेच ठिपके.

"खाली," कोणीतरी म्हणालं.

"पूर्णविराम. मास्तर चार शब्दांनी थांबतात. आणि 'नव्हते', 'होते' लिहितात, त्यामुळे डोक्यावर टिंब कमी. आता सातवं."

सातवं पान धरलं. खाली अंधार. एक भोक, फार तर दोन. पण ओळींच्या माथ्यावर नुसती चांदणी पडली होती : होतं, नव्हतं, सांगायचं, वाटलं, खाल्लंस.

"मास्तरांची टिंबं खाली पडतात, डॉक्टरांची वर," बाई म्हणाल्या. "हा बुरखा नाही, हा दुसरा माणूस आहे. सहा पानं मास्तरांची, पुढची सहा डॉक्टरांची. टपालात जायच्या आधी माझ्या टेबलावर चळती अदलाबदल झाल्या. मी आकडे बघितले, गोष्ट बघितली नाही. मास्तरांनी चोरलेलं नाही, मी कोणाला दाखवलेलं नाही. चूक माझी."

घड्याळजी दाराशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, बाईंनी नुसतं तिकडे पाहिलं, त्यांनी मिटलं.

"मग तंतोतंत कसलं?" मागून एक जण ओरडला. तो आभारी सासूबाईंचा जावई होता. माणसं संधी किती वर्षं जपून ठेवतात बघा.

"एकोणीस वर्षांत एकदा," बाई तिकडे वळून म्हणाल्या. "ते मीच सांगायला आले. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं."

संपादक घामाघूम. "बाई, अहो, बसा ना खाली. याला चूक का म्हणताय? हा साक्षात्कार आहे! आपण याला संयुक्त कथा म्हणू—"

"साक्षात्कार तुमचा असेल तर तुम्ही ठेवा. चूक माझी आहे, ती मला परत हवी. पुढच्या अंकात दोन्ही गोष्टी जशाच्या तशा छापा. कार्बन माझ्याकडे आहेत."

"म्हणजे…" मास्तर हळूच उभे राहिले. बेरीज त्यांच्या आता लक्षात येत होती. "म्हणजे दम तुटलेला उत्तरार्ध…"

"माझ्या कपाटावर आहे, मास्तर," डॉक्टर अतिशय प्रेमाने म्हणाले. कित्येक वर्षांत मास्तरांना उद्देशून त्यांनी काढलेले ते पहिले शब्द. "पात्रं कोरडी आहेत म्हणे."

सभा जी हसली ती आवरेना. मास्तर लाल झाले. पण एक सांगतो, त्या माणसाने मान खाली घातली नाही. म्हणाले, "अंक पाहिला तेव्हा मला कळले होते, शेवट माझा नाही. वाटले, संपादकांनी सुधारला. गप्प बसलो. कारण सुधारला होता." आणि खाली बसले. चार वाक्यं, नेहमीसारखी.

रस्ता ओलांडताना घड्याळजी बाईंच्या मागे मागे.

"अगं, मी सांगायला हवं होतं. स्क्रू माझा होता."

"स्क्रू तुमचा होता. पानं माझी होती."

पुढच्या अंकात दोन्ही गोष्टी छापल्या. वाचकांची पत्रं आली : आधीची मिसळलेलीच बरी होती. संपादकांनी ती पत्रं छापली नाहीत, पण वाचनालयात आणून मला दाखवली, म्हणजे छापल्यासारखंच झालं.

बाईंचं स्टूल मात्र अकरा दिवस रिकामं राहिलं. मी मोजत होतो. बाई रोज मशीनवरचं कापड काढायच्या, रिबीन बघायच्या, पाठ ताठ ठेवून बसायच्या. चेहऱ्यावर सुरकुती नाही. घड्याळजींनाच जास्त काळजी. ते दिवसातून चारदा स्टूल पुसायचे.

बाराव्या दिवशी भांडणाऱ्या भावांतला थोरला आला. फिर्याद घेऊन. बाईंनी काही विचारलं नाही, पण त्यालाच सांगितल्यावाचून राहवेना : "टोकाच्या दुकानात गेलो होतो. तिथला म्हणाला, आमच्या हातून कधी चूक झालेली नाही. मग म्हटलं, चूक झाली तर हा सांगायचाही नाही." तो उठला तेव्हा धाकटा बाहेर उभा होता.

त्याच आठवड्यात मास्तर आले. नवी गोष्ट, अकरा पानं. हातातून सोडेनात.

"डॉक्टर सध्या काय लिहितात?" त्यांनी छताकडे बघत विचारलं.

"दात दुखतोय का तुमचा?"

"नाही. दाढ. थोडी."

"मग त्यांनाच जाऊन विचारा."

आणि गेले की हो मास्तर! डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं, आरसा घातला, कापूस कोंबला आणि आपली नवी गोष्ट सांगायला सुरुवात केली. पाऊण तास. एक वाक्य. मास्तरांना मधे तीनदा हरकत घ्यायची होती. तीनदा 'आ' एवढंच निघालं. दवाखान्यातला मदतनीस सांगतो, शेवटाला मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आता ते दाढेचं की गोष्टीचं, देव जाणे.

गाल फुगवून ते परत बाईंकडे आले. अर्धा तास बोलायला मनाई. घड्याळजी म्हणाले, "कशी आहे गोष्ट?" मास्तरांनी बाईंचा कागद ओढला, पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि पुढे सरकवलं. बाईंनी वाचलं. मग कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि मास्तरांच्या खिशात परत घातली.

त्यावर लिहिलं होतं : 'माझ्यापेक्षा चांगली आहे. त्याला कळता कामा नये.'

हे मला कसं कळलं म्हणाल, तर दाढ बरी झाल्यावर मास्तरांनीच सांगितलं; त्यांनाही कोणाला तरी सांगायचं होतंच. बाईंना मी त्याच दिवशी, रस्ता ओलांडून, मुद्दाम जाऊन विचारलं होतं, की मास्तरांनी त्या कागदावर काय लिहिलं.

बाई म्हणाल्या, "कसला कागद?"